न संपणाऱ्या गोष्टींचे शब्द : नित्य, सतत, शाश्वत की कायम?

पैलतीर

भूजलाविषयीच्या एका माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना मी ‘हा झरा निरंतर वाहतो’ असे वाक्य लिहिले होते. संपादन होऊन मजकूर परत आला तेव्हा त्याचे ‘हा झरा शाश्वत वाहतो’ असे झाले होते, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘सतत उपसा’ची जागा ‘कायमस्वरूपी उपसा’ने घेतली होती. दोन्ही बदल मला खटकले. परंतु ते का खटकले, हे संपादकांना पटेल अशा रीतीने मला सांगता येईना. म्हणून शब्दकोश उघडला, तर नित्य म्हणजे शाश्वत, शाश्वत म्हणजे सनातन आणि सनातन म्हणजे नित्य अशी पुरती प्रदक्षिणा घडून मी निघालो तिथेच येऊन पोहोचलो.

नित्य, सतत, निरंतर, अखंड, अविरत, अव्याहत, अनंत, अक्षय, अमर, ध्रुव, सनातन, शाश्वत, चिरंतन, कायम, हमेशा, सदैव, सदोदित ही यादी पाच मिनिटांत कागदावर उतरली. ही सगळी एकाच गोष्टीची नावे असतील, हे मला संभवनीय वाटत नाही. त्यांपैकी कोणता शब्द शेवट नाकारतो, कोणता खंड, कोणता झीज आणि कोणता बदल नाकारतो, याची जाणकारांनी फोड करून द्यावी, ही विनंती.

अर्धविराम

‘नाकारतो’ हे क्रियापद आपण अगदी नेमके वापरले आहे, कारण आपल्या यादीतील जवळजवळ निम्मे शब्द नकारातूनच बनलेले आहेत. न संपणाऱ्या गोष्टीला थेट नाव देणे भाषेला अवघड जाते. ती आधी संपण्याचा एखादा प्रकार डोळ्यांसमोर आणते आणि मग त्याला ‘अ’, ‘अन्’ किंवा ‘निर्’ लावून तो पुसून टाकते. पुसलेला प्रकार कोणता, हे पाहिले की शब्दाची जागा कळते.

अनंताला टोक नाही. अखंडाला खंड नाही, म्हणजे मध्ये कोठे तुकडा पडलेला नाही. पण त्याला शेवट नाही असे तो शब्द म्हणत नाही, कारण तासभर अखंड बोलणारा माणूस तासाभराने थांबतोच. निरंतरात मधले अंतर नाही. अविरत आणि अनवरत या दोहोंत ‘रम्’ हा धातू आहे (‘विराम’ही त्याचाच), तेव्हा तिथे थांबणे नाकारले आहे. अव्याहताला आडकाठी होत नाही. अक्षयाची झीज होत नाही. अमराला मरण नाही. म्हातारपण नाही, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही, म्हणूनच ‘अजरामर’ असा जोडशब्द करावा लागला. व्याकरणातील ‘अव्यय’ही याच कुळातला आहे: तिन्ही लिंगांत, सर्व विभक्तींत आणि सर्व वचनांत ज्याचे रूप ढळत नाही ते अव्यय. सदा, सतत, सदैव हे शब्द स्वतः अव्यये आहेत, ही त्यातली गंमत.

आता आपला झरा. ‘निरंतर’ लिहून आपण त्याच्या धारेत अंतर पडत नाही एवढेच सांगितले होते. तो हजार वर्षांनीही वाहत असेल, अशी हमी आपण दिली नव्हती. ‘शाश्वत’ या शब्दाने ती परस्पर देऊन टाकली. खटकण्याचे कारण माझ्या मते हेच आहे.

खडूफळा

वरील प्रतिसादाला थोडी पुरवणी जोडतो. नकाराशिवाय बनलेल्या शब्दांचीही घडण पाहण्यासारखी आहे.

सनातन आणि चिरंतन यांच्या शेवटी जो ‘तन’ आहे, तो ‘त्या काळाचा’ या अर्थाचा प्रत्यय आहे. ‘चिर’ म्हणजे पुष्कळ काळ, तेव्हा पुष्कळ काळाचे ते चिरंतन. ‘सना’ म्हणजे सदा, तेव्हा सदाचे ते सनातन. ‘पुरा’पासून पुरातन, आणि ‘अद्य’ म्हणजे आज, त्यापासून अद्यतन. सनातन आणि अद्यतन ही टोकाची विरुद्ध वाटणारी विशेषणे एकाच साच्यातून निघाली आहेत, हे वर्गात सांगितले की मुलांचा विश्वास बसत नाही.

‘चिर’ हा शब्द आपण वाजवीपेक्षा अधिक ताणतो, असेही नोंदवावेसे वाटते. चिरंजीव म्हणजे अमर नव्हे. दीर्घकाळ जगणारा, इतकाच त्याचा अर्थ.

सततची कथा वेगळी आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. त्याला ‘सम्’ लागून संतत झाले आणि त्यातला अनुस्वार विकल्पाने गळून सतत झाले. म्हणजे संततधार पावसातला ‘संतत’ आणि आपला ‘सतत’ हे एकच होत. पिढी पुढे ताणते ती संतती, आणि ताणून काढलेला तो तंतू. धाग्याची चर्चा धाग्यातच चालली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात या शब्दांचे दोन वेगळे गट दोन वेगळ्या कांडांत आलेले आहेत. शाश्वत, ध्रुव, नित्य, सदातन, सनातन हा गट तिसऱ्या कांडात विशेषणांबरोबर बसवला आहे, तर सतत, अनारत, अश्रांत, संतत, अविरत, अनिश, नित्य, अनवरत, अजस्र हा गट पहिल्या कांडात आहे. पहिला गट वस्तू टिकते असे सांगतो, दुसरा क्रिया थांबत नाही असे सांगतो. आपला झरा वस्तू म्हणून पाहायचा की वाहणे म्हणून, हा खरा प्रश्न आहे. आणि दोन्ही गटांत हजर असलेला एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘नित्य’.

उंबरठा

माहिती सुरेख आहे, तथापि माझा एक आक्षेप आहे. व्युत्पत्तीवरून आजचा वापर ठरवू लागलो, तर आपण सगळेच चुकीचे मराठी बोलत आहोत असे सिद्ध होईल. खडूफळा यांच्याच यादीतील ‘अजस्र’ घ्यावा. संस्कृतात तो ‘न थकता चाललेले’ या अर्थाचा आहे. मराठीत मात्र अजस्र धबधबा, अजस्र यंत्र, अजस्र देह असे म्हटले की आपल्याला केवळ आकार दिसतो. कालवाचक शब्द आकारवाचक झाला, आणि शिवाय अनेक जण त्याच्यात अस्त्र घुसवून ‘अजस्त्र’ असे लिहितात ते निराळेच. कायम या शब्दाचेही तसेच आहे. ‘तो कायम उशिरा येतो’ या वाक्यात टिकण्याचा संबंध कोठे आहे? तिथे कायम म्हणजे दर वेळी.

आडवाट

उंबरठा यांचा मुद्दा मान्य करूनही, ‘कायम’च्या बाबतीत मुळाकडे पाहणे उपयोगाचे आहे असे मला वाटते. तो अरबी ‘काइम’वरून आलेला, ‘उभा असलेला’ या अर्थाचा शब्द आहे. जे उभे केले आहे, प्रस्थापित आहे, हलवलेले नाही, ते कायम. म्हणूनच तो कचेरीच्या भाषेत इतका रुळला: कायम नियुक्ती, कायमचा पत्ता, निकाल कायम ठेवला. कायम कर्मचारी सतत कामावर नसतो आणि सतत राबणारा कर्मचारी बहुधा कायम नसतो, एवढ्या एका वाक्यावरून पैलतीर यांच्या संपादकांना ‘सतत उपसा’ आणि ‘कायमस्वरूपी उपसा’ यांतील फरक कळावा. पंप कायमचा बसवलेला असेल आणि आठवड्यातून एकदाच चालत असेल. उलट उन्हाळ्यापुरता आणलेला पंप अहोरात्र चालत असेल. पाण्याची पातळी खाली जाते ती दुसऱ्याने.

कायदा आणि दप्तर यांच्या भाषेतील ‘न संपणे’ हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे थोडे अधिक लिहितो. जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ किंवा ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे शब्द येतात, आणि दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गद्धेगाळ शिळांवर वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही मुदत समजावी, ही त्यामागची सोय. मात्र लक्षात घ्या, ‘यावत्’ म्हणजे ‘जोपर्यंत’, तेव्हा हा शब्द अनंताचा नाही. त्यात मुदत सांगितलेली आहे, फक्त ती मोजायला कोणी शिल्लक राहणार नाही इतकी लांबची आहे. ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ हेही तसेच: वंश आहे तोवर. कोणीही अमरपट्टा घेऊन आलेला नाही असे आपण म्हणतो, त्यातला पट्टाही याच दप्तरी जगातला असावा असे वाटते.

राज्यकर्त्यांच्या ‘कायम’ची लांबी तर इतिहासात मोजता येते. बंगाल प्रांतात गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या काळात १७९३ मध्ये जमीनमहसुलाची जी पद्धत लागू झाली, तिला मराठीत कायमधारा म्हणतात, कारण जमीनदारांनी सरकारला द्यायची रक्कम त्यात कायमची ठरवून टाकली होती. पूर्व बंगालमध्ये १९५० च्या आणि पश्चिम बंगालमध्ये १९५३ च्या कायद्याने जमीनदारीच उठली. म्हणजे तिथला कायम सुमारे १६० वर्षे टिकला.

जन्मठेपेविषयी याच्या उलट गैरसमज आहे. ती चौदा वर्षांची असते, असे पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याचा उरलेला सर्व काळ. चौदा हा आकडा शिक्षेत सूट देण्याशी निगडित आहे. ज्या गुन्ह्यांना देहदंडाचाही पर्याय आहे, त्यांतील जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे पुरी होण्याआधी सोडता येऊ नये, अशी तरतूद १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. म्हणजे इथे शब्द खरा आहे आणि ऐकणाराच त्याला कमी लेखतो. ‘बेमुदत’बद्दल एकच वाक्य: बेमुदत संप म्हणजे न संपणारा संप नव्हे, तर केव्हा संपेल ते आधी न ठरवलेला संप.

साडेतीन

आचंद्रार्काची मुदत आता मोजता येते, म्हणून लिहितो. सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल, आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने आपल्यापासून दूर सरकत आहे. ‘आकल्पांत’ या शब्दातील कल्प पुराणांच्या गणिताने एक हजार चतुर्युगांचा, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा असतो. दोन आकडे जवळपासचे निघाले म्हणून कोणी त्यातून सिद्धांत काढू नये. तो योगायोग आहे.

यादीतील ‘ध्रुव’ हा शब्द मात्र मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. अढळपणाचे उदाहरण म्हणून आपण ज्या ताऱ्याकडे बोट दाखवतो, तो अढळ नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते. इ.स.पू. २७०० च्या सुमारास उत्तर ध्रुवबिंदूजवळ ठुबान नावाचा तारा होता; आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित त्या बाजूला येईल. म्हणजे ध्रुव हे ताऱ्याचे नाव नसून पदाचे नाव आहे, आणि त्या पदावरचे तारे बदलत राहतात.

खडूफळा

साडेतीन यांनी नकळत पाणिनीच्याच वादात हात घातला आहे. अपादानाचे, म्हणजे आपल्या पंचमीचे सूत्र सांगताना पाणिनी म्हणतो की दूर जाण्याच्या क्रियेत जे ‘ध्रुव’ असते ते अपादान. झाडावरून पान पडते, इथे झाड ध्रुव. यावर टीकाकारांनी विचारले की धावत्या घोड्यावरून माणूस पडला, तर घोडा ध्रुव कसा? उत्तर असे की त्या पडण्यापुरता तो ध्रुव. स्वतः तो धावत असेना का. ज्याच्या संदर्भात दुसऱ्याचे हलणे मोजायचे ते ध्रुव, ही व्याख्या ठुबानलाही लागू पडते आणि आजच्या ध्रुवताऱ्यालाही.

एकांडा

अक्षय आणि अक्षय्य हे एकच शब्द आहेत की दोन? तिथीचे नाव दोन्ही प्रकारे छापलेले दिसते.

खडूफळा

दोन आहेत. क्षय नाही ते अक्षय. ज्याचा क्षय होणे शक्यच नाही ते अक्षय्य. इथला ‘य्य’ शक्यता दाखवतो. अजय आणि अजय्य यांतही तोच भेद आहे. आजवर जो झिजला नाही आणि जो झिजूच शकत नाही, यांत अंतर आहे. तिथीच्या नावात दोन्ही रूढ आहेत व दोन्ही चालतात.

अर्धविराम

उंबरठा यांच्या आक्षेपाचे उत्तर राहिले होते. ‘कायम उशिरा येतो’ यात टिकण्याचा संबंध नाही, हे खरे. परंतु हा घोटाळा आजचा नाही आणि तो घोटाळाही नाही. पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीच शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की काय, ही चर्चा आहे. तिथे तो म्हणतो की नित्य हा शब्द केवळ अढळ, अविचल वस्तूंनाच लावतात असे नाही. तो वारंवारतेच्या अर्थानेही येतो, जसे ‘नित्यप्रहसित’ म्हणजे सदा हसत असणारा. असा माणूस जेवताना आणि झोपेतही हसत नसतो, तरी आपण त्याला नित्य म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा नित्यप्रहसित आणि आपला कायम उशिरा येणारा हे सख्खे भाऊ आहेत. खडूफळा यांना नित्य दोन्ही गटांत सापडला त्याचे कारण हेच असावे.

त्याच चर्चेत सोन्याचा दाखला आहे. गोळा मोडून दागिना केला, तो मोडून दुसरा केला. आकार जात राहिले, सोने राहिले. आणि पुढे योगसूत्रांच्या भाष्यात नित्यता दोन प्रकारची सांगितली आहे: मुळीच न बदलणारी ती कूटस्थनित्यता आणि बदलत राहूनही स्वरूप न सोडणारी ती परिणामिनित्यता. झरा कोणत्या प्रकारात बसतो ते सांगायला नको. पाणी क्षणोक्षणी वेगळे, झरा तोच.

‘शाश्वत’चीही जन्मकथा फेऱ्यांचीच आहे. ऋग्वेदातील उषःसूक्तात ‘शश्वती’ हे विशेषण येते ते एका न सरणाऱ्या पहाटेला नव्हे, तर एकामागून एक येत राहणाऱ्या पहाटांना. मुळात तो ‘पुन्हा पुन्हा येणारे’ असे सांगणारा शब्द होता. अढळपणा त्याला नंतर चिकटला. मराठीत पुन्हापुन्हा, वेळोवेळी, जन्मोजन्मी, वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या असे शब्द दुणावून आपण अजूनही तीच युक्ती वापरतो. न संपणारी गोष्ट दाखवण्यासाठी शब्द दोनदा उच्चारायचा आणि पुढचे ऐकणाऱ्यावर सोडायचे.

उंबरठा

हे पटले, आणि आक्षेप मागे घेतो. पण आता सगळे जण संस्कृतातच रमले आहेत, म्हणून घरगुती मराठीची बाजू मांडतो.

आपले स्वतःचे शब्दप्रयोग पाहा: कापूसकोंड्याची गोष्ट, मारुतीचे शेपूट, चऱ्हाट, गुऱ्हाळ, तेच ते दळण, पाचवीला पुजलेले, भिजत घोंगडे. यांतला एक तरी कौतुकाचा आहे काय? संस्कृत शब्दांत न संपणे हा गुण आहे आणि मराठी शब्दांत तो वैताग आहे. कापूसकोंड्याच्या गोष्टीत तर गोष्टच नसते. ‘सांगू का’ या प्रश्नाला दिलेले प्रत्येक उत्तर पुन्हा प्रश्नात ओढले जाते आणि ऐकणारा रडकुंडीला येईपर्यंत ती चालते. काळ्या दगडावरची रेघ हा सन्मान्य अपवाद म्हणता येईल, तरी तिचाही उपयोग बहुधा एखाद्याचे वाईट भाकीत करतानाच होतो.

दुसरे म्हणजे, मराठीने टिकाऊपणाचा भेद विशेषणांपेक्षा क्रियापदांत अधिक बारकाईने सांभाळला आहे. ‘हा दगड थंड आहे’ आणि ‘बर्फ थंड असतो’ ही दोन वाक्ये पाहावीत. ‘आहे’ आत्ताचे सांगते, ‘असतो’ स्वभाव सांगते, आणि ‘बर्फ थंड आहे’ असे म्हणताच समोर विशिष्ट बर्फ ठेवावा लागतो. हा भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वी शिकते. नकारातही तसेच आहे: ‘संपले नाही’, ‘संपत नाही’, ‘संपणार नाही’, ‘संपेना’ आणि ‘संपायचे नाव घेत नाही’ या पाचांत काळ, खात्री आणि वैताग यांचे जे प्रमाण बदलते, ते ‘अनंत’ या एका शब्दात मावणारे नाही.

साडेतीन

अनंताची बाजू घ्यावीशी वाटते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटले आणि तिच्यात काही मिळवले वा तिच्यातून काही काढले तरी विकार होत नाही असे सांगितले. दृष्टांत दिला तो अनंत अच्युताचा, ज्याच्यात प्रलयकाळी जीव शिरतात आणि सृष्टिकाळी बाहेर पडतात. गणितात आज शून्याने भागत नाहीत हे खरे. तरी ‘भर घातली तरी वाढत नाही’ हा अनंताचा विशेष अखंड, सतत, कायम यांपैकी कोणालाही सांगता येत नाही. (बागेतील अनंताचे फूल मात्र फार तर दोन-चार दिवसांत पिवळे पडते.)

आडवाट

पैलतीर, ‘शाश्वत’ तुमच्या मजकुरात कसा शिरला असावा, याचा मला अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर ‘सस्टेनेबल’ हा शब्द सर्वत्र पसरला आणि मराठीने त्यासाठी शाश्वत घेतला. २०१५ च्या सतरा ध्येयांनाही आपण शाश्वत विकास ध्येये म्हणतो. हिंदीने त्याच जागी ‘सतत’ घेतला आहे. माझ्या मते दोन्ही निवडी नेम चुकलेल्या आहेत, कारण मूळ कल्पना ‘झेपेल इतकेच घ्यावे, म्हणजे पुढच्यांना उरेल’ अशी आहे. म्हणजे ती अट आहे, आणि शाश्वत या शब्दात अट मावत नाही. पण शब्द रुळला आहे. आता पाण्याचा विषय आला की शाश्वत आपोआप येऊन बसतो.

मुक्कामपोस्ट

इतकी चर्चा झाली म्हणून विचारतो. बाराही महिने वाहणाऱ्या झऱ्याला ‘बारमाही’ म्हणतात ना?

पैलतीर

मुक्कामपोस्ट यांचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ नुसता बसून होतो. बारमाही या शब्दात शेवटही नाकारलेला नाही आणि झीजही नाही. बारा महिने मोजले आहेत, आणि पुढचे वर्ष पुढच्या वर्षी पाहू, असे तो म्हणतो. अर्धविराम यांच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या पहाटांना तो जवळचा आहे, आणि विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

संपादकांना मी काल सविस्तर लिहिले. आडवाट यांचे कायम कर्मचाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे वापरले, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. आज उत्तर आले. ‘सतत उपसा’ परत आला आहे. झरा बारमाही झाला आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरील ‘शाश्वत पाणी’ हे शीर्षक मात्र आधीच छापून झाले असल्यामुळे कायम ठेवण्यात आले आहे.